रद्दीच्या तराजूतील पुस्तक

दिवाळीची साफसफाई आली, की घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी पुस्तके घराबाहेर पडू लागतात. मुले नागपूर-पुण्याला स्थायिक झालेली असतात आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाचा जन्मभराचा संग्रह किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातो. मुंबईच्या हुतात्मा चौकातील पदपथावर किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकाचे मोल जाणणारा विक्रेता भेटतो. आमच्याकडे बहुधा तराजूच भेटतो. म्हणूनच पारखीची सारी जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

पुस्तक स्वस्त मिळाल्याचा विद्यार्थ्यांना होणारा आनंद रास्तच आहे. परंतु स्वस्ताई म्हणजे पारख नव्हे. साहित्याच्या अभ्यासकाने मुखपृष्ठाआधी आवृत्तीचे पान पाहावे. ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ धनंजय कीर व स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ साली निघाले, य. दि. फडके यांनी संपादिलेली आवृत्ती १९९१ ची. दोहोंचे पृष्ठक्रमांक एकच मानून प्रबंधात संदर्भ दिले, तर वाचवलेले पैसे परीक्षकापुढे फार महाग पडतात.

आवृत्तीचे पान फाटलेले असले, तरी प्रत आपले वय काही अंशी सांगतेच. किंमत आण्यांत छापलेली असेल, तर ती बहुधा १९५७ पूर्वीची. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. ‘केलें’, ‘गेलें’ असे अनुस्वार दिसले, तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची असण्याचा संभव मोठा. नंतरच्या पुनर्मुद्रणांत असे लेखन बदललेले असू शकते; मूळ छापील रूप अभ्यासणाऱ्याला अशी जीर्ण प्रत कोऱ्या प्रतीहून मोलाची वाटावी. त्यानंतर पाने मोजावीत, एखादा फर्मा गळालेला नाही ना, ते पाहावे. कसर आणि वाळवी घरच्या कपाटात आणू नये.

याहून महत्त्वाचा आहे तो शिक्का. आतील पानावर ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि निर्लेखनाची कसलीही खूण नसेल, तर ते पुस्तक विकत घेण्याआधी त्या ग्रंथालयाला विचारावे. ‘आम्ही घेतले नसते, तर त्याचा लगदाच झाला असता,’ हा युक्तिवाद आम्हीही ऐकला आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु लगद्यापासून पुस्तक वाचवणे एक आणि गावाच्या मालकीचे पुस्तक आपल्या कपाटात लपवणे दुसरे. ज्या गावात दुसरी प्रत मिळणे दुरापास्त, तेथे हा भेद विसरणे म्हणजे पुढच्या वाचकाचा हक्क बुडवणे होय.

तोच न्याय किमतीलाही लागू आहे. घरच्यांना दुर्मीळ प्रतीचे मोल ठाऊक नाही, हे पाहून गप्प राहणे ही चतुराई असेल. विद्वत्ता खचित नव्हे. मराठीच्या प्राध्यापकांनी रद्दीवाल्याच्या आधी त्या घरी जावे, संग्रहाची यादी करावी, मोलाचे काय ते सांगावे आणि निवडक ग्रंथ गावच्या वाचनालयासाठी मागावेत. उरलेल्यांतून विद्यार्थ्यांनी योग्य दाम देऊन खुशाल खरेदी करावी. संग्रह एकदा तराजूत गेला, की अशी संधी पुन्हा येत नाही.