‘साठी बुद्धी नाठी’ : ही म्हण तपासून पाहू या



राजगडावर पाली दरवाजाने चढणारी वाट तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या पायथ्याला पाली नावाचे लहानसे गाव आहे. मावळातल्या इतर गावांप्रमाणे इथलेही अनेक तरुण पुण्या-मुंबईला कामाला गेलेले, आणि घरी म्हातारी माणसे. आषाढात तिकडे गेलात तर साठी केव्हाच ओलांडलेल्या बाया दिवसभर वाकून आवण लावताना दिसतील. कोणत्या खाचरात किती पाणी ठेवायचे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. तरीही त्यांच्यातल्याच एखादीने दोनदा तोच प्रश्न विचारला, चुलीवरचे दूध उतू घालवले, की घरात लगेच म्हण निघते : साठी बुद्धी नाठी. ‘म्हातारचळ लागला’ असेही म्हणतात. मग विषय संपतो. माझी तक्रार आहे ती विषय असा संपवण्याबद्दल.

आधी साधे गणित करू. भारतातील वृद्धांच्या एका देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील दर शंभरांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा त्यांचा अंदाज आहे. देशभरात ही संख्या सुमारे ८८ लाख होते. ती मोठी आहे, यात शंका नाही. पण शंभरांतले ९२-९३ जण ठीक आहेत, त्याचे काय? शंभर वेळा वापरून नव्वदाहून अधिक वेळा चुकणारा नियम भौतिकशास्त्राच्या वर्गात कोणी मांडला, तर आपण तो फळ्यावरून पुसून टाकू. वय वाढते तसा धोका वाढतो, हे खरे. परंतु धोका वाढणे निराळे आणि वय हेच कारण असणे निराळे.

या रोगाचा इतिहासही हेच सांगतो. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले. ती म्हणाली, ‘आउगुस्टे.’ नवऱ्याचे नाव? पुन्हा ‘आउगुस्टे.’ तिचे वय होते अवघे ५१! १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मज्जापेशींच्या बाहेर कसल्याशा गुठळ्या होत्या आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता. आज आपल्याला माहीत आहे की गुठळ्या ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा.

गंमत पुढेच आहे. बाई वयाने लहान होती, म्हणून तिच्या दुखण्याला ‘अल्झायमरचा रोग’ हे नाव मिळाले. पण हीच लक्षणे सत्तरीच्या माणसात दिसली, की डॉक्टरही ‘वय झाले’ म्हणून सोडून देत. दोन्हीकडे रोग बहुतेक वेळा एकच आहे, हे अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली ठासून मांडले. म्हणजे तज्ज्ञांनाही ही म्हण सोडायला सुमारे सत्तर वर्षे लागली. गावातल्या माणसांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

घरातले सर्वांत चिडतात ते एका गोष्टीवर. आजीला तिच्या लग्नातले सगळे मानपान आठवतात, आणि तासापूर्वी जेवली ते आठवत नाही. ‘जेवायला वाढले नाही म्हणते, नाटक करते!’ पण मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. नवी आठवण आधी त्याच्या मार्फत नोंदली जाते. अल्झायमरमध्ये हा भाग फार लवकर बिघडतो. जुन्या वह्या बऱ्याच काळ शाबूत राहतात. नव्या वहीत अक्षरच उमटत नाही. तिच्या दृष्टीने ती जेवलेलीच नसते. हे ठाऊक नसल्याने किती घरांत रोज दुपारी भांडण होते!

शिक्षणाने धोका काहीसा कमी होतो, म्हणून खेड्यांत आणि बायकांत प्रमाण जास्त आढळते. पण ते काही चिलखत नव्हे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातला रुग्ण संस्कृतचा पंडित आहे.

आता म्हणीने होणारे खरे नुकसान पहा. प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, अवटु ग्रंथीचा मंदावलेला स्राव, पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त, दीर्घ उदासीनता, यांनीही माणूस विसराळू होतो, आणि त्यांवर उपचार आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीने किंवा क्ष-किरणांनी काढलेल्या मेंदूच्या चित्राने पुष्कळ कळते. अल्झायमर मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही; पण जिला ब-१२ ची सुई पुरली असती, तिला ‘चळली’ म्हणून कोपऱ्यात बसवणे, किंवा देवऋषीकडे नेणे, हा अन्याय आहे.

मोजमापाबद्दलही एक शब्द, कारण तो आमच्या धंद्याचा भाग आहे. स्मृतीच्या पाश्चात्त्य चाचणीत आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळा न पाहिलेली आजी त्यात नापास होईल. पण आज तिथी कोणती ते ती बिनचूक सांगेल. हे ओळखूनच हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार केली गेली. तेव्हा आजीची तुलना तुमच्याशी करू नका. दोन वर्षांपूर्वीच्या तिच्याशीच करा.

यासाठी एक कोरी वही पुरे. तारीख घालून फक्त घडले ते लिहा : ‘ओळखीच्या वाटेवर चुकली’, ‘पैसे मोजता आले नाहीत’, ‘मला मामाच्या नावाने हाक मारली’. महिन्याभराची वही डॉक्टरांपुढे ठेवा, कारण पाच मिनिटांच्या भेटीत आजी ठणठणीत वाटते आणि ‘मला काय झालंय?’ असे त्यांनाच विचारते. मात्र बदल दोन-तीन दिवसांत एकाएकी झाला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वहीची वाट पाहू नका. असे बहुधा तापाने, लघवीतल्या जंतुसंसर्गाने किंवा अंगातले पाणी कमी झाल्याने होते, आणि तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.