रिकामा सिलिंडर आणि ऑक्सिजन नर्स

या आठवड्यात १२ मे येऊन गेला. जिल्ह्यात जागोजागी परिचारिका दिन झाला, मेणबत्त्या लागल्या, शपथ झाली. मी ज्या कार्यक्रमाला होते तिथे पाहुणे 'परिचारिकांच्या कायदेशीर आणि नैतिक जबाबदाऱ्या' या विषयावर बराच वेळ बोलले. सेवाभाव, गोपनीयता, वेळेवर हजेरी, रुग्णाशी गोड बोलणं. नोंदी चोख ठेवा असंही त्यांनी सांगितलं. ते बरं झालं, कारण या जागेवरून मी तेच सांगत आले आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी या विषयावर भाषण ठेवायला हवं होतं, ती गोष्टच त्यांच्या बोलण्यात आली नाही. १ जुलै २०२४ पासून निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा या देशात बदलली आहे. ती डॉक्टरला एक आहे आणि सिस्टरला दुसरी.

चहाच्या वेळी मी हे काही जणींना सांगितलं. बहुतेकींना माहीत नव्हतं. एक इन्चार्ज सिस्टर क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ताई, इंजेक्शन सरांनी लिहायचं, द्यायचं मी, आणि चुकलं तर जास्त दिवस आत मीच?"

हो, तसंच आहे. जुन्या भारतीय दंड विधानात कलम ३०४ अ होतं. ट्रकचालक असो, डॉक्टर असो की नर्स, जास्तीत जास्त दोन वर्षं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली आणि त्यातून एकच वर्ग बाहेर काढला. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं, तर जास्तीत जास्त दोन वर्षं. हा व्यवसायी कोण, ते खालच्या स्पष्टीकरणात आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ खाली मान्य असलेली पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव, एवढं ज्याच्याकडे आहे तो. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली अधिपरिचारिका त्यात बसत नाही. उपकेंद्रावरची एएनएम बसत नाही. त्या पाच वर्षांच्या रांगेत आहेत.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या विनंतीवरून ही सवलत देत आहोत, असं गृहमंत्र्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं. डॉक्टरांनी मागितलं, त्यांना मिळालं. त्यात गैर काही नाही. जीव वाचवायला हात घालणाऱ्या माणसाला भरधाव गाडी चालवणाऱ्याच्या मापाने मोजू नये, हे मलाही पटतं. मला खटकतं ते एवढंच की त्याच खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली बाई कुणाला आठवली नाही. आणि वर्ष तेच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला, नर्सेससाठी राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली. चारच महिन्यांनी त्याच संसदेने 'नोंदणीकृत' कोण याची व्याख्या लिहिली, तेव्हा ती नोंदवही बाहेर राहिली.

डॉक्टरांना संरक्षण का मिळालं, याच्या मुळाशी एक सिलिंडर आहे. तो नीट पाहिला पाहिजे.

फेब्रुवारी १९९५, लुधियानाचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. रात्री एका वृद्ध रुग्णाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. मुलाने ड्युटीवरच्या नर्सला सांगितलं, नर्सने डॉक्टरला बोलावलं. तक्रारीप्रमाणे वीस-पंचवीस मिनिटं कुणी आलं नाही. डॉक्टर आले, ऑक्सिजन लावला, तर सिलिंडर रिकामा. खोलीत दुसरा नव्हता. मुलगा शेजारच्या खोलीतून घेऊन आला, तो सुरू करायची सोय नव्हती. त्यात पाच-सात मिनिटं गेली आणि रुग्ण गेला. गुन्हा डॉक्टरांवर दाखल झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये जेकब मॅथ्यू निकाल आला. न्यायालयाने म्हटलं की सिलिंडर नसणं किंवा रिकामा असणं याची दिवाणी जबाबदारी कदाचित रुग्णालयावर येईल, पण त्यासाठी या डॉक्टरवर फौजदारी खटला चालणार नाही. आणि पुढच्यांसाठी दोन बंधनं घातली. दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, निष्पक्ष मत घेतल्याशिवाय पोलिसांनी कारवाई पुढे नेऊ नये, आणि आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये.

निकाल उत्तम आहे. पण मी तो वाचते तेव्हा एकाच प्रश्नावर अडते. आपल्या वॉर्डात सिलिंडर भरलेला आहे की रिकामा, हे रोज कोण बघतं? ड्युटी घेताना फ्लोमीटरवर नजर कोण टाकतं? स्टोअरला मागणी कोण पाठवतं, ती आली नाही तर वॉर्डबॉयला परत कोण पिटाळतं? ज्या वस्तूच्या रिकामेपणावरून देशभरच्या डॉक्टरांना कवच मिळालं, ती वस्तू आपल्याकडे सिस्टरच्या ताब्यात असते. कवच डॉक्टरकडे गेलं, सिलिंडर सिस्टरकडे राहिला.

आणि हे नंदुरबारकरांना मी समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल २०२१ आठवा. २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. राज्यभर लोक सिलिंडरसाठी धावत होते. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्याचं नाव चांगल्या कारणासाठी देशभर गेलं. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी उभारलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांचे फोटो छापून आले. त्याहून कमी लिहिलं गेलं ते 'ऑक्सिजन नर्स'बद्दल. दर ५० रुग्णांमागे एक परिचारिका फक्त ऑक्सिजनसाठी नेमायची. तिने फिरत राहायचं, प्रत्येकाची पातळी बघायची, ज्याचं भागतं त्याचा प्रवाह कमी करायचा, ज्याला लागतो त्याचा वाढवायचा, मास्क काढून ठेवलेला दिसला की वाया जाणारा ऑक्सिजन बंद करायचा. राज्याच्या आरोग्य विभागाने हा नंदुरबारचा नमुना बाकीच्या जिल्ह्यांपुढे ठेवला.

आता हे काम कायद्याच्या अंगाने बघा. साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स असावी असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. इथे एकीच्या हातात पन्नास जणांचा श्वास. प्रवाह किती कमी करायचा हा निर्णय दर फेरीला तिचा. एखाद्या रात्री एकाचा प्रवाह कमी झाला, ती एकोणपन्नासाव्या खाटेपाशी असताना पहिल्या खाटेवरचा माणूस खाली गेला, तर? तेव्हा जुनं कलम होतं, शिक्षा सारखी होती. आज ते घडलं, तर राउंडला येऊन प्रवाह लिहून गेलेल्या डॉक्टरला दोन वर्षांची मर्यादा आहे आणि तो आकडा सांभाळणाऱ्या ऑक्सिजन नर्सला पाच. डॉक्टरच्या बाबतीत पोलीस आधी तज्ज्ञाचं मत मागतील. नर्सच्या बाबतीत मागायला निकालाने त्यांना स्पष्टपणे सांगितलेलं नाही.

हे कागदावरचं भय नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबन झालं. अटक झाली चौघींना: एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बाळं गेली. महिनाभराने पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला तो दोन नर्सेसवर. त्या रात्री कक्षात कोण होतं आणि कोण नव्हतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दहा आयांना त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे. पण वायरिंग तपासणं, आग विझवण्याची यंत्रणा बसवणं, फायर ऑडिट करून घेणं हे नर्सच्या ड्युटीत कधीपासून आलं? लुधियानाच्या डॉक्टरला न्यायालयाने जे म्हटलं, की साधन नसण्याची जबाबदारी संस्थेची, ते भंडारा आणि नगरच्या नर्सेसना कुणी म्हटलं नाही.

भंडाऱ्यात गुन्हा दाखल झालेल्या त्या दोघी कंत्राटी होत्या. वाचकांना माझं कंत्राटी नेमणुकांबद्दलचं मत ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हाही मी त्यांच्या बाजूने लिहिलं होतं. कंत्राटी बाईवर आधी आणि जास्त कारवाई होते, हे दाखवणारी मोजदाद माझ्यापाशी नाही. तरी मला ते खरं वाटतं, कारण जिची सेवा एका ओळीच्या पत्राने संपवता येते तिच्यावर कारवाई करायला विभागीय चौकशीही लागत नाही.

डॉक्टरपर्यंत येऊन थांबणारी संरक्षणाची दुसरी छत्री आपल्या जिल्ह्यात जास्त बोचते. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या वरच्या पाड्यांवर उपकेंद्राची सिस्टर गरोदर मातेची नोंदणी करते. समोरची मुलगी सोळा-सतराची असते, नवरा बाहेर उभा असतो, लग्न समाजाच्या रिवाजाने झालेलं असतं. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. कळवलं तर नवरा तुरुंगात आणि ती मुलगी घरीच बाळंत होणार. पुढच्या पाड्यावरची मुलगीही मग उपकेंद्राची पायरी चढणार नाही. तिसरी वाट म्हणजे वयाच्या रकान्यात १९ लिहायचं. तसं लिहिलं की कमी वयाची, जोखमीची माता म्हणून जी जास्त तपासणी व्हायला हवी, ती होत नाही. मुलीचं रक्त कमी आहे, कंबर अरुंद आहे, बाळाचं वजन भरणार नाही, हे सगळं त्या खोट्या १९ खाली झाकलं जातं. मेळघाटच्या कुपोषणाच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने आदिवासी जिल्ह्यांतल्या बालविवाहांची पाहणी करायला लावली ती याच धाग्यासाठी.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हा पेच दिसला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मुलीची अब्रूही राहिली आणि डॉक्टरही कायद्यात राहिला. पण आपल्याकडची मुलगी बहुधा गर्भपातासाठी आलेली नसते. तिला बाळ हवं असतं, आणि तिच्यासमोर बसलेली सिस्टर वैद्यकीय व्यवसायी नसते. त्या निकालाचा दिलासा या टेबलापर्यंत येत नाही. या सिस्टरला शपथ म्हणते गुपित राख, कायदा म्हणतो कळव, आणि ऑनलाइन नोंदणी म्हणते वय भर. यातलं नेमकं काय करायचं, हे तिला लेखी सांगायचं धाडस मी अजून कोणत्याही वरिष्ठात पाहिलेलं नाही. तोंडी मात्र सगळे सांगतात.

नर्सने चूक केली तरी सोडून द्या, असं मी म्हणत नाही. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात १२ बाळांच्या तोंडात पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. बाळं वाचली. बाटलीवरचं नाव वाचणं हे कुणाच्याही पगारावर, पदावर किंवा रिक्त जागांवर अवलंबून नसतं. रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, मात्रा, मार्ग, वेळ हे पाचही दर वेळी बघायचं असतं आणि त्याला सूट नाही. फोनवर आलेला आदेश केसपेपरवर वेळेसह, देणाऱ्याच्या नावासह उतरवायचा आणि सकाळी सही घ्यायचीच. सही मागितली की काही डॉक्टरांना राग येतो. येऊ द्या. पोलीस ठाण्यात तुमची बाजू तो कागद मांडेल, रागावलेले साहेब नाही.

ही जबाबदारी जर एवढी कडक आहे, आणि ती तशी असलीच पाहिजे, तर संरक्षणही तिच्या मापाचं हवं. कलम १०६ च्या स्पष्टीकरणात परिचर्या नोंदवहीचा उल्लेख घालणं हे संसदेचं काम आहे. आपल्या खासदारांनी ते मांडावं. या जिल्ह्याच्या ऑक्सिजन नर्सचं कौतुक करताना पक्षभेद नव्हता, यातही नसावा. तोवर राज्याला बरंच करता येईल. परिचारिकेवर निष्काळजीपणाची तक्रार आली तर आधी तज्ज्ञाचं मत घ्यायचं आणि लगेच अटक करायची नाही, एवढं परिपत्रक गृह आणि आरोग्य विभाग मिळून काढू शकतात. जेकब मॅथ्यू निकालाने सरकारला नियम करायला सांगितलेच होते. आणि ते मत देणाऱ्या समितीत निदान एक अनुभवी परिसेविका किंवा अधिसेविका बसवा. रात्री दोन वाजता तीस खाटांच्या वॉर्डात एकटीने ड्युटी करताना कोणतं काम आधी होतं आणि कोणतं राहून जातं, हे फक्त डॉक्टरांच्या समितीला कुठून कळणार?