दिसलें म्हणजे पटलें काय?

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं शाळेच्या व्हरांड्यांतून एक ओळखीची गुणगुण ऐकूं येऊं लागते. हातांत भूमितीचें पुस्तक, डोळे अर्धे मिटलेले आणि ओठांवर पायथागोरसचें प्रमेय! पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा सारा क्रम पाढ्यांप्रमाणें बिनचूक म्हणून होतो. परंतु आकृतींतील अ, ब, क हीं अक्षरें पुसून त्या जागीं प, फ, म लिहिलीं, किंवा त्रिकोण जरासा कलता काढला, म्हणजे तोच विद्यार्थी गोंधळून जातो. त्याची बुद्धि कमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें प्रमेय ऐकलें आहे, लिहिलें आहे, घोकलें आहे. पाहिलें मात्र नाहीं. गणितांतील या 'पाहण्या'विषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावे, असें आम्हीं योजिलें आहे.

सिद्धता डोळ्यांस दिसावी ही इच्छा आपल्याकडे नवीन नाहीं. चाळीसगांवाजवळील पाटण येथें ज्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां त्यांच्या नातवानें मठ स्थापिला, ते भास्कराचार्य आपल्या बीजगणितांत, म्हणजे सुमारें इ. स. ११५० मध्यें, एक उदाहरण घालतात. काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा १५ व २० आहेत. तर कर्ण किती? एवढ्यावर ते थांबत नाहींत. या रूढ गणिताची उपपत्तिही सांगा, असें ते बजावतात. उपपत्ति अशी कीं, कर्णावर चौरस काढून त्यांत तसलेच चार त्रिकोण कडेनें मांडावे. मध्यें एक लहान चौरस उरतो. प्रत्येक त्रिकोणाचें क्षेत्रफळ १५०, चारांचें ६००. मधल्या चौरसाची बाजू २० वजा १५, म्हणजे ५, आणि क्षेत्रफळ २५. बेरीज ६२५, आणि हाच २५ चा वर्ग. तिकडे १५ व २० यांच्या वर्गांची बेरीजही ६२५ च होते. ज्यानें हीं पांच तुकड्यें कागदांतून कापून एकदां हातानें जुळविलीं, तो हें प्रमेय जन्मांत विसरणार नाहीं.

दुसरें उदाहरण तर आपल्याच रायगड जिल्ह्यांतील आहे. मुरुडजवळच्या नांदगांवीं राहणारे गणेश दैवज्ञ यांचें 'ग्रहलाघव' पंचांगकर्त्यांना चांगलें ठाऊक आहे. त्यांनींच १५४५ मध्यें लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली व तींत नियमांमागील उपपत्ति दिल्या. वर्तुळाचें क्षेत्रफळ कसें येतें, हें दाखवितांना ते वर्तुळाचे दोन अर्ध करावयास सांगतात. भाकरीचे निमुळते तुकडे करावे तसे प्रत्येक अर्धाचे तुकडे करून ते सरळ पसरावयाचे आणि एका अर्धाचे दांते दुसऱ्याच्या फटींत बसवावयाचे. मग आयतासारखी आकृति तयार होते. तिची लांबी अर्ध्या परिघाएवढी व रुंदी त्रिज्येएवढी. समुद्रकांठच्या एका लहान गांवीं पावणेपांचशें वर्षांपूर्वीं लिहिलेली ही युक्ति आजही वर्गांत करून पाहण्याजोगी आहे.

येथवर आमचे वाचक म्हणतील, "मग झालें! चित्र काढावें, म्हणजे सिद्धता झाली." नेमकें येथेंच सावध राहिलें पाहिजे. गणेश दैवज्ञांच्या आयताच्या दोन कडा खरोखर सरळ नसतात. तुकडे जसजसे बारीक करावे तसतशा त्या सरळ होत जातात. हें 'होत जाणें' चित्रांत दिसत नाहीं, तें विचारानेंच भरून काढावें लागतें. आणि कधीं कधीं तर डोळे आपणांस उघड उघड फसवितात. आठ घरें लांब व आठ घरें रुंद असा चौरस घ्या. त्याची आठ बाय तीन अशी पट्टी कापून, कर्णावर छेदून, तिचे दोन त्रिकोण करा. उरलेल्या आठ बाय पांचाच्या पट्टीचे तिरका काप देऊन दोन सारखे समलंब चौकोन करा. त्यांच्या समांतर बाजू पांच व तीन असाव्या. हे चार तुकडे तेरा बाय पांच अशा आयतांत मांडतां येतात. आधीं घरें होतीं ६४, आतां दिसतात ६५! एक घर आलें कोठून? त्रिकोणाचा उतार आठांत तीन व चौकोनाचा पांचांत दोन. हे दोन उतार सारखे नाहींत. म्हणून कर्णाच्या कडेनें एक अतिशय अरुंद फट राहते व तिचें क्षेत्रफळ बरोबर एक घर असतें. फट डोळ्यांस दिसत नाहीं. उतारांचा हिशेब करणाऱ्यासच ती सांपडते.

असे फसणारे केवळ शाळेंतील विद्यार्थीच असतात असें नाहीं. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवितां येतो कीं शेजारशेजारच्या प्रदेशांस एकच रंग येत नाहीं. आपल्या जिल्ह्याच्या तालुक्यांवर हा प्रयोग करून पाहावा. १८७९ मध्यें केंप नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं हें सिद्ध केल्याचें जाहीर केलें आणि तें मान्यही झालें. १८९० मध्यें हीवुड यांनीं त्यांतील चूक दाखवून दिली. म्हणजे अकरा वर्षें चुकीची सिद्धता बरोबर म्हणून चालली! पुढें १९७६ मध्यें ॲपेल व हाकेन यांनीं संगणकाच्या साहाय्यानें ती पूर्ण केली. पण तींत प्रकरणें इतकीं कीं कोणा माणसास तीं हातानें तपासणें शक्य नव्हतें. अखेरीस २००५ मध्यें झॉर्झ गाँतिए यांनीं 'कॉक' नामक साधनाच्या आधारें तिची प्रत्येक पायरी तपासून घेतली, तेव्हां शंका मिटली.

हें साधन म्हणजे काय, तें पालकांस सांगणें अवश्य आहे. सिद्धता तपासणारी ही एक संगणकाची आज्ञावली असते. अशा प्रयत्नांचा आरंभ १९६७ च्या सुमारास हॉलंडमध्यें डी ब्रॉइन यांनीं केला. २०१३ पासून लिओनार्दो दि मौरा यांनीं उभारलेलें 'लीन' हें साधन आज पुष्कळ गणिती वापरतात. पडद्याच्या एका बाजूस आपण सिद्धतेची एक एक पायरी लिहावयाची. दुसऱ्या बाजूस यंत्र दोन गोष्टी दाखवीत राहतें: हातीं काय काय आहे, आणि सिद्ध करावयाचें काय उरलें आहे. पायरी योग्य असेल तर ही यादी बदलते. अयोग्य असेल तर यंत्र तेथेंच अडवितें. शेवटीं साध्य कांहीं उरलें नाहीं, असें तें कळवितें. आतां आमच्या विद्यार्थ्यांनीं विचार करावा: हातीं असलेलें तें पक्ष, आणि उरलेलें तें साध्य! आमच्या वहींत हे दोन शब्द आरंभीं एकदां लिहिले जातात व मग कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाहीं. यंत्र मात्र ते प्रत्येक पायरीस नव्यानें मांडतें.

एक सोपें उदाहरण घेऊं. विषम संख्या ओळीनें मिळवीत गेलें, तर प्रत्येक वेळीं वर्गसंख्या येते: १, मग १ व ३ मिळून ४, मग ५ मिळवून ९. चिंचोके मांडून पाहा. एका चिंचोक्याभोंवतीं दोन बाजूंनीं तीन लावा, चौरस होतो. त्याभोंवतीं पांच लावा, मोठा चौरस होतो. हें दिसलें, पण शंभराव्या चौरसाचें काय? तेथें यंत्रापुढील साध्य दोन फांद्यांत विभागतें. पहिली फांदी: आरंभीं विधान खरें आहे. दुसरी फांदी: एखाद्या चौरसापर्यंत तें खरें धरलें, तर पुढच्यासही खरें ठरतें. या दुसऱ्या फांदींत 'तें खरें धरलें' हा नवा पक्ष हातीं आलेला पडद्यावर दिसतो, आणि वर्गांत दुप्पट अधिक एक मिळविले कीं पुढचा वर्ग येतो, एवढेंच उरतें. सिद्धतेचा असा वंशवृक्ष काढून दाखविणारीं साधनेंही आतां निघालीं आहेत. कोणती पायरी कोणत्या पक्षापासून जन्मली, हें त्यांत बोट ठेवून सांगतां येतें. आमच्या मते सिद्धतेचें खरें चित्र तें हेंच. त्रिकोणाचें चित्र वस्तूचें असतें. हें चित्र विचाराचें आहे.

पनवेलकरांस कर्नाळ्याचा सुळका दुरूनच ओळखतां येतो. तो दिसला म्हणून कोणी गडावर पोंचला असें होत नाहीं. त्याकरितां रानांतली वाट पायांखालीं घालावी लागते. उलट, नुसत्या वाटेकडे पाहत चालणाऱ्यास आपण कोठें निघालों याचेंच विस्मरण होतें. चित्र हें सुळक्यासारखें, पायऱ्या या वाटेसारख्या. भास्कराचार्यांनीं आकृतीबरोबर हिशेबही दिला, तो याचकरितां.

यावर आक्षेप येतील, हें आम्ही जाणतों. यंत्रच सर्व तपासूं लागलें तर मुलें विचार करणें सोडून देतील, असें कोणी म्हणतील. ही भीति खोटी नाहीं. या साधनांत आपोआप पायऱ्या शोधणाऱ्या आज्ञाही असतात, आणि त्या एकामागून एक ठोकून पाहणारा विद्यार्थी घोकणाऱ्याहून फारसा पुढें गेलेला नसतो. शिवाय पायरी बरोबर आहे एवढेंच यंत्र सांगतें. ती कां सुचावी, आणि मुळांत मांडलेलें विधान आपणांस अभिप्रेत होतें तेंच आहे कीं नाहीं, हें तें सांगत नाहीं. तें काम माणसाचेंच राहतें. दुसरे म्हणतील कीं परीक्षेंत यास गुण नाहींत. आम्ही म्हणतों, परीक्षेंतील अक्षरें बदललीं म्हणजे गुण कोणाचे जातात, याचा विचार करावा. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यास उत्तर सोपें आहे: मुख्य गोष्टीस संगणक लागतच नाहीं.

वहीच्या पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे सिद्धतेची पायरी लिहा. उजवीकडे त्या पायरीनंतर हातीं काय आलें व काय उरलें तें लिहा. एका प्रमेयास दोन पानें लागतील, लागूं द्या. ज्या पायरीपुढें उजवीकडे कांहींच लिहितां येत नाहीं, ती पायरी तुम्हांस समजलेली नाहीं, हें तुमचें तुम्हांसच कळेल. ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील केव्हिन बझर्ड यांनीं २०१९ मध्यें 'लीन'वर रचलेला नैसर्गिक संख्यांचा खेळ अवश्य खेळून पाहावा. दोन संख्यांची बेरीज उलटसुलट केली तरी तीच येते, ही लहानपणापासून गृहीत धरलेली गोष्ट तेथें आपणच सिद्ध करावयाची असते, आणि ती वाटते तितकी सोपी नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. सायंकाळीं मुलास "पाठ झालें का?" असें विचारूं नये, "ही ओळ कोठून आली?" असें विचारावें. भूमिति आपणांस येत नसली तरी हा प्रश्न विचारतां येतो, आणि उत्तर नीट लागलें कीं नाहीं हें मुलाच्या चेहऱ्यावरूनच समजतें. ज्यास ही संवय लागली, तो पुढें बाजारांत, कचेरींत वा सभेंत कोणी मोठ्यानें सांगितलें एवढ्यावरून कोणतीही गोष्ट खरी मानणार नाहीं. आणि स्वतःचें म्हणणें चुकलें तर तेंही निमूटपणें सोडून देईल. शाळेनें मुलांस द्यावयाची शिदोरी याहून वेगळी ती कोणती?