पैनगंगेच्या दोन्ही काठांना एकच चाचणी लावा

यवतमाळ जिल्ह्यातील पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम आणि गोंड कुटुंबांचे सोयरे पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, आदिलाबाद निजामाकडेच राहिले; आज ती सीमा महाराष्ट्र आणि तेलंगणाची आहे. लग्ने, बाजार, मजुरी हे सारे ती ओलांडून चालते. ओलांडत नाही ती मुलाची शाळेतली प्रगती. तिसरीतले मूल आईबापांबरोबर पलीकडे गेले, तर ते काय वाचू शकते, हातच्याची वजाबाकी त्याला येते का, हे तिथल्या गुरुजींना कळण्याचा मार्ग नाही. मराठी शाळेत त्याने ‘५२ वजा २७’ देवनागरी अंकांत सोडवलेले असते. पलीकडच्या पुस्तकात अंक आंतरराष्ट्रीय आणि सूचना तेलुगूत. मूल गप्प बसते आणि ‘कच्चे’ ठरते. खरे तर त्याला वजाबाकी येते, पण तसे सांगणारा कागद कुणाकडे नाही.

म्हणून आमची मागणी अशी: दोन्ही जिल्ह्यांनी मिळून तिसरी आणि पाचवीसाठी वाचन व गणिताची सामायिक चाचणी तयार करावी. त्यासाठी पाठ्यपुस्तके एक करण्याची गरज नाही, अख्खी प्रश्नपत्रिकाही एक नको. दोन्ही बाजूंच्या चाचण्यांत मोजके प्रश्न तेच ठेवायचे, एकीकडे मराठीत, दुसरीकडे तेलुगूत. या समान प्रश्नांच्या आधारे उरलेल्या प्रश्नांची काठिण्यपातळी ताडून पाहता येते आणि दोन्हीकडचे निकाल एका मापावर आणता येतात. हे काही स्वप्नरंजन नव्हे. २०१९ मध्ये कंबोडिया, लाओस, मलेशिया, म्यानमार, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम या सहा देशांनी पाचवीच्या मुलांची वाचन, लेखन आणि गणिताची सामायिक चाचणी आपापल्या शिक्षणभाषांत घेतली. त्यांची लिपी एक नाही, राज्यपद्धतीही एक नाही. एकाच देशातल्या दोन शेजारी जिल्ह्यांना ते जमू नये?

कुणी म्हणेल, विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे राष्ट्रीय सर्वेक्षण आहेच की. आहे, २०१७, २०२१ आणि २०२४ मध्ये झाले. पण ते नमुना सर्वेक्षण आहे. त्यातून जिल्ह्याची सरासरी कळते, एखाद्या पोडावरच्या (कोलाम वस्तीवरच्या) मुलाला काय येते ते कळत नाही. दुसरा आक्षेप अब्रूचा. ‘पिसा’ या जागतिक चाचणीच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तळाशी आले, प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीचे नव्हते अशी तक्रार झाली आणि पुढच्या फेऱ्यांत भारत उतरला नाही. ती तक्रार खरी मानली तरी तिच्यातून निघते ते एवढेच, की प्रश्न इथल्या शिक्षकांनीच काढावेत. कापसाचा भाव, पोळ्याचा बाजार, नदीचा पूर दोन्हीकडे ओळखीचे आहेत. आणि निकालावरून शाळांचे क्रमांक लावायचे नाहीत, ही अट आधीच लेखी घालावी. क्रमांक आले की मुलांना उत्तरे सांगण्याचा मोह येतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

शिक्षकांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. चाचण्या, माहितीच्या लिंका, पोर्टलवरची नोंदणी यांतून शिकवायला वेळ उरत नाही. ही चाचणी वरून लादली गेली तर आम्हीही विरोध करू. ती आजच्या एखाद्या चाचणीच्या जागी आली पाहिजे आणि तिचा निकाल आठवडाभरात वर्गात परत आला पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न कोलामी आणि गोंडीचा. या दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाहीत, आणि पहिलीतले कोलाम मूल मराठी शाळेत आणि तेलुगू शाळेत सारखेच परके असते. सूचना त्याला त्याच्या भाषेत तोंडी सांगितल्या, तर अडचण गणिताची आहे की भाषेची, हे तरी वेगळे काढता येईल. दोन्ही राज्यांत कोलाम विशेष असुरक्षित आदिम जमातींत धरले जातात. त्यांच्या मुलांसाठी एवढे करणे हा उपकार नाही. पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने पलीकडच्या उटनूरच्या अशाच कार्यालयाबरोबर बसून कोलामी बोलणाऱ्यांकडून या सूचना तयार करून घ्याव्यात. दोन राज्यांत करार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सुरुवात सीमेवरच्या काही शाळांतून करता येईल.

आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत या मागणीचा ठराव घ्या, तो ग्रामसभेसमोर ठेवा आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे व पांढरकवडा प्रकल्प कार्यालयाकडे पाठवा.