बंद फाटक आणि मालकाची घाई

रेल्वेचे फाटक मिटलेले दिसले की रस्त्यावरच्या माणसाचा पहिला राग फाटकावरच्या कर्मचाऱ्यावर निघतो. ‘गाडीचा पत्ता नाही, जरा उघडा की!’ असे त्याला दरडावणारी सभ्य माणसेही दिसतात. परंतु वर्दळीच्या बहुतेक ठिकाणी फाटक उघडणे त्याच्या इच्छेवर नसते. तेथील फाटके सिग्नलशी जखडलेली असतात. फाटक पूर्ण मिटून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला पुढे जाण्याचा सिग्नल मिळत नाही, आणि तो एकदा मिळाला की गाडी निघून जाईपर्यंत फाटक उघडता येत नाही. वाहने रुळांवर घुसत राहिली, तर तिकडे गाडी खोळंबते. मुंबईजवळच्या दिव्याच्या फाटकाने लोकल गाड्यांचे वेळापत्रक वर्षानुवर्षे असेच बिघडवले.

या बाबतीतला कायदा आपण समजतो त्यापेक्षा कडक आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६० नुसार वाहतुकीसाठी बंद केलेले फाटक किंवा साखळी परस्पर उघडणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत, तर ती मोडणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. कलम १६१ कर्मचारी नसलेल्या फाटकासंबंधी आहे. तेथे न थांबता, गाडी येते की नाही हे न पाहता, किंवा येणारी गाडी दिसत असताना वाहन हाकणे म्हणजेच निष्काळजीपणा, अशी व्याख्या कायद्यानेच करून ठेवली आहे. शिक्षा १ वर्षापर्यंत. अपघात घडलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३१ मला व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक बोलके वाटते. फाटक नसलेल्या ठिकाणी चालकाने वाहन थांबवावे. क्लीनर किंवा वाहनातील अन्य कोणी खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे. दोन्ही बाजूंनी गाडी वा ट्रॉली येत नाही याची खात्री करून वाहन पार करून द्यावे. बरोबर कोणी नसेल, तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. ब्रॉडगेज मार्गांवरील कर्मचारी नसलेली फाटके ३१ जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यात आली, म्हणून हे कलम निकामी झाले असे मात्र समजू नये. कारखान्याच्या किंवा गोदामाच्या साइडिंगचा रूळ आपल्याच टेम्पोच्या वाटेत येऊ शकतो.

बँकेत असताना मालवाहू वाहनांच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. सोबतच्या खर्चाच्या अंदाजात डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार हे सारे काटेकोर मांडलेले असे. क्लीनरचा पगार क्वचितच दिसे. धंद्याच्या हिशेबाने ती काटकसर योग्यही असेल. पण मग रुळांपर्यंत चालत जाण्याचे काम एकट्या चालकावर येते, आणि त्याच वेळी त्याच्या खिशात मालकाचा फोन वाजत असतो. ‘कुठवर आलास? गिऱ्हाईक दुकानात बसले आहे.’ बंद फाटकाच्या कडेने वाहन घालणारा चालक आपल्याला बेदरकार वाटतो. पुष्कळदा तो केवळ घाबरलेला नोकर असतो.

अपघात झालाच, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकही प्रतिवादी होतो. विमा नियमित असेल, तर ती रक्कम विमा कंपनीकडून भरली जाण्याची सोय असते. वर सांगितलेला तुरुंगवास चालकाचा असतो, आणि त्याचा विमा निघत नाही. वाचलाच, तर तो भोगणारा माणूस दरमहा दुकानातून मोजका पगार नेणारा असतो आणि त्याचे घर त्या पगारावर चालत असते.

थोडे गणितही पाहावे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. अर्धा किलोमीटर दूर दिसणारी गाडी १८ सेकंदांत फाटकावर येते. भरलेला टेम्पो पहिल्या गिअरमध्ये रुळांवर चढताना बंद पडला, तर तेवढ्यात तो पुन्हा सुरू होईलच असे नाही. अशा वेळी माल वाचवण्याच्या नादी न लागता माणसे उतरवून प्रथम फाटकवाल्याला गाठावे; गाडीला धोक्याचा इशारा देण्याची साधने त्याच्यापाशी असतात. पलीकडे वाहनाला पुरेशी जागा मोकळी झाल्याशिवाय फाटक उघडे असले तरी रुळांवर शिरू नये. कापूस किंवा कडब्याच्या गाड्यांसाठी आणखी एक सूचना: विद्युतीकरण झालेल्या मार्गावर फाटकाच्या अलीकडे उंचीची कमान असते. तिला माल घासला, तर तेथेच थांबावे. पुढच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो.

माझ्या ओळखीच्या एका धान्य-व्यापाऱ्याने फेरीच्या चिठ्ठीवर ‘फाटकावर थांबलो, मिनिटे’ असा एक रकाना छापून घेतला आहे. चालकाने तो भरायचा आणि तेवढ्या वेळासाठी त्याला कोणी जाब विचारायचा नाही, असा त्यांच्या पेढीचा नियम आहे. मुनीमजींना आरंभी ही चैन वाटली. महिनाभराच्या चिठ्ठ्यांची बेरीज केल्यावर एका फेरीमागे सरासरी बारा मिनिटे निघाली, आणि मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.