माझ्या अंगठ्याला कीर्तन ऐकवू नका

"आता खरं सांगा सर, कधीमधी…?" असं म्हणत डॉक्टरांनी हाताचा अंगठा ओठांकडे नेला आणि डोळा मिचकावला. माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती. स्टेथोस्कोप नुकताच तिच्यावरून फिरून गेला होता, म्हणजे ती त्यांना दिसली नाही असं नव्हे. समोर स्टुलावर माझा उजवा पाय, त्याचा अंगठा भाजलेल्या वांग्यासारखा तुकतुकीत आणि जांभळा. "तीन पिढ्यांची माळ आहे," मी म्हटलं. "असू द्या हो," ते म्हणाले, "पण मटण तरी?"

गाऊट झालेल्या माणसाचं असंच होतं. आधी उलटतपासणी, मग उपदेश आणि वेळ उरला तर औषध. मधुमेहाच्या पेशंटला लोक निदान दया तरी दाखवतात. गाऊटवाल्याकडे बघून हसतात. ढोसली असेल, ओरपलं असेल, आता भोगतोय.

पहिला झटका आला तो तरडगावच्या मुक्कामी. शाळेतून रजा काढून लोणंद ते फलटण चालायचं, एवढीच माझी दरसालची वारी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं, दिवसभर घाम गाळला, पाणी पिणं विसरलो, रात्री राहुटीत आडवा झालो. दोनच्या सुमारास जाग आली ती अंगठ्यात कुणी तापलेला खिळा ठोकतंय म्हणून. विंचू असेल म्हणून बॅटरी मारली. काही नाही. चादर काढून टाकली, कारण चादरीचं वजन सहन होईना. मग शेजारचे बुवा कूस बदलायचे तेव्हा खालची ताडपत्री जराशी ओढली जायची, तेवढ्यानेही डोळ्यांत पाणी यायचं. पहाटे चपलेत पाय जाईना. कोल्हापुरी चपलेत पायाचा अंगठा अडकवायला जी वादी असते, तिलाही अंगठाच म्हणतात. दिंडीतल्या न्हाव्याकडून ब्लेड घेतलं आणि तो अंगठा कापून टाकला. माझा कापता आला असता तर तोही कापला असता, इतकी ती कळ होती.

गावी आल्यावर रक्त तपासलं. युरिक ॲसिड 6.1, म्हणजे नॉर्मल. "गाऊट नाही, पाय मुरगळलाय," असा निकाल लागला. ऐन झटक्यात हा आकडा खाली आलेला असू शकतो, झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचा असतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की सुयांसारखे स्फटिक दिसतात, ही खरी परीक्षा. ती माझ्या बाबतीत कुणालाच आठवली नाही. आणि गंमत अशी, की नुसता गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या प्रत्येक म्हातारीचं युरिक ॲसिड मात्र हेच लोक तपासतात, आकडा सात दिसला की तिची डाळ तोडतात.

डाळीवर मी आता बोलणारच आहे. तिसऱ्या झटक्यानंतर एकदाचं गाऊटचं नाव निघालं आणि माझ्या हातात एक छापील कागद पडला. तूर बंद, मसूर बंद, हरभरा बंद, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, मशरूम बंद. मशरूम आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही, तेव्हा तेवढं पाळणं सोपं गेलं. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: फळांचे रस भरपूर घ्या. माळकऱ्याच्या ताटातली डाळ काढली की उरतं काय? भाकरी, बटाटा आणि बायकोचा चेहरा. दोन वर्षं मी आमटीशिवाय काढली. लग्नाच्या पंगतीत वाढपी पोर माझ्यापाशी आलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "सरांना वरण नको रे, त्यांना युरिक आहे!" सगळी पंगत वळून बघायची. त्या दोन वर्षांत पाच झटके आले.

अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांवर 12 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2004 साली छापून आला. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला. डाळी-पालकासारख्या, प्युरीन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते) जास्त असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत वाढला नाही. दूधदुभतं, विशेषतः कमी स्निग्धांशाचं, घेणाऱ्यांत उलट कमी निघाला. म्हणजे माझं ताक मला सांभाळत होतं, डाळ निर्दोष होती आणि 'भरपूर घ्या' म्हणून सांगितलेला रस मात्र युरिक ॲसिड वाढवणारा होता, कारण फळातली साखर, फ्रुक्टोज, शरीरात मोडताना तेच तयार करते. तो कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा हा अभ्यास छापून दहा वर्षं उलटली होती. कागद छापणाऱ्याला त्याची गंधवार्ता नव्हती.

खाण्याचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. बिअर, कलेजी, तारली, बाटलीतली गोड थंड पेयं यांनी झटका येतो, ज्याला येतो त्याने ती सोडावीत. पण शरीरातलं जवळपास दोन तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं. बहुतेक गाऊटवाल्यांचं खरं दुखणं हे, की मूत्रपिंड ते पुरेसं बाहेर टाकत नाही, आणि ती कसर बहुधा आईबापांकडून आलेली असते. अगदी कडक पथ्यानेही आकडा एखाद्या अंकाने उतरतो. नवावरून आठवर आलात तरी सुया बनतच राहतात. बहुतेक जनावरांच्या अंगात युरिक ॲसिड मोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं, ते माणसाने उत्क्रांतीत गमावलं. आमची म्हैस दिवसभर तुरीचं भुसकट खाते. तिचे चारही पाय ठणठणीत आहेत.

यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर माझ्या विषयाची. मी विज्ञान शिकवतो. दरवर्षी मुलांकडून मोरचुदाचं संपृक्त द्रावण करून घेतो, त्यात दोरा सोडतो, दोन दिवसांनी दोऱ्यावर निळे खडे लटकलेले दिसले की वर्ग टाळ्या वाजवतो. रक्तातही तेच होतं. साधारण 6.8 च्या वर द्रावण संपृक्त होतं आणि शरीराच्या ज्या टोकाला गारवा जास्त, तिथे खडे धरतात. म्हणून पायाचा अंगठा. आणि खडे विरघळवायचे असतील तर काय करायचं, हे माझी मुलंसुद्धा सांगतात: द्रावण पातळ करा आणि पातळच ठेवा. रक्तातला आकडा सहाच्या खाली आणायचा आणि तिथेच धरून ठेवायचा, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. हे करणाऱ्या ॲलोप्युरिनॉल या गोळीला अमेरिकेत 1966 साली परवानगी मिळाली. ती शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 साली नोबेल मिळालं. शंभर मिलिग्रॅमची गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते.

मग ती मला मिळाली नाही का? मिळाली, आणि तिचा बट्ट्याबोळही झाला. ऐन झटक्यात एकाने थेट तीनशेची सुरू केली. सुरुवातीला आकडा झपकन उतरला की जुने खडे सुटायला लागतात आणि झटके वाढतात, म्हणून कमी मात्रेने सुरू करून सोबत काही महिने झटके आवरणारं कोल्चिसिन द्यायचं असतं. ते दिलं नाही. अंगठ्याचं दुखणं घोट्यात आलं, मी गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. पुढे दुसऱ्याने नीट दिल्या, आकडा 5.8 वर आला, तर म्हणाले, "आता नॉर्मल आहे, बंद करा." रक्तदाब नॉर्मल आला म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी कधी बंद केली नव्हती. तीन महिन्यांत अंगठा पुन्हा वांगं झाला.

दरम्यान वेदनाशामकांचा रतीब चालूच होता. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, वर गोळ्या, शिवाय बाजारच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसाच्या बिनानावाच्या पुड्या. त्या पुडीने दोन तासांत पाय मोकळा व्हायचा. असल्या पुड्यांत स्टेरॉइड दळून घातलेलं सापडतं, हे कळेपर्यंत माझा चेहरा गणपतीसारखा भरला होता. चार-पाच दिवसांचं वेदनाशामक डॉक्टरने मूत्रपिंडाचा अंदाज घेऊन दिलं तर ठीक. मी वर्षानुवर्षं घेतलं, आणि ज्या मूत्रपिंडाने युरिक ॲसिड बाहेर टाकायचं त्यालाच मार दिला. क्रिएटिनिन 1.6 झालं. आपली गिधाडं कशाने संपली ठाऊक आहे? डायक्लोफिनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचला. गाऊटच तो. सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक 2006 साली बंद केलं. गिधाडांना निदान दाद मिळाली, त्यांना कुणी "खरं सांगा, कधीमधी?" असंही विचारलं नाही.

आणि चोर सापडला तो ताटात नाहीच. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी माझी सगळी पाकिटं टेबलावर ओतायला लावली. पानाऐवजी पाकिटं बघणारं हे पहिलंच माणूस. त्यांनी रक्तदाबाच्या गोळीवर बोट ठेवलं. नावाच्या शेवटी 'एच' असलेली, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचं मिश्रण. ते औषध युरिक ॲसिड अडवून धरतं. ती गोळी मला लिहून दिली होती डोळा मिचकावणाऱ्या डॉक्टरांनीच, पहिल्या झटक्याच्या सात महिने आधी. बाईंनी तिच्या जागी लोसार्टन दिलं, ते युरिक ॲसिड थोडं उतरवतं. ॲलोप्युरिनॉल शंभरपासून सुरू केलं, दर महिन्याला रक्त तपासत वाढवलं, अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असं दोनदा बजावलं आणि सहा महिने कोल्चिसिन. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायचं नाही, हेही.

कोल्चिसिन युरोपातल्या एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडातून येतं, आणि आपल्या कुंपणावर पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीतही तेच असतं. हे वाचून कुणी तिचा कंद उगाळायला जाऊ नका, माणसं मेली आहेत. औषध आणि विष यांत अंतर थोडं, म्हणून तर मात्रा मोजून देणारं माणूस लागतं.

गाऊटशी जुळणाऱ्या वातरक्ताची चरकसंहितेत जी नावं आहेत त्यात एक आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. आमची शाळा वीस टक्के अनुदानाच्या टप्प्यावर आहे. त्या पगारात आढ्यवात परवडतो, हे शिक्षण खात्याला कुणी कळवू नये, नाहीतर आहेत ते वीस टक्केही जातील. आणि बायकांना म्हणे गाऊट होतच नाही. पाळी गेल्यावर होतो. माझ्या वहिनींच्या बोटांवर खडूसारख्या पांढऱ्या गाठी आल्या तरी सहा वर्षं त्यांना 'वय झालं' एवढंच निदान मिळत होतं.

आता माझा आकडा 5.2 आहे. अडीच वर्षांत एकही झटका नाही. रोज रात्री दीड वाटी आमटी ओरपतो.

गेल्या आठवड्यात ती कोल्हापुरी माळ्यावरून काढली आणि स्टँडजवळच्या चांभाराकडे नेली. त्याने उलटीपालटी करून पाहिली, कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "अंगठा बसवायचे चाळीस रुपये," म्हणाला. मग वर बघून दबक्या आवाजात, "काय सर, युरिक का? डाळ सोडा."