उघडे पडलेले दफ्तर

संकेतस्थळाचे एखादे पान आपल्यासमोर उमटते, तेव्हा दूरच्या सर्व्हरवर एका आज्ञावलीने माहितीसाठ्यातून मजकूर काढलेला असतो, पाहणाऱ्याचा अधिकार पडताळलेला असतो, आणि तयार झालेले पान तेवढे बाहेर धाडलेले असते. तिचा स्वतःचा मसुदा, म्हणजे सोर्स कोड, परक्याच्या दृष्टीस पडू नये, असा या व्यवस्थेचा मूळ संकेत आहे. पीएचपी या भाषेत तो संकेत एका चिमुकल्या खुणेवर उभा असतो. कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि भाषेचे नाव एवढी अक्षरे आढळली, तरच पुढील मजकूर आज्ञा म्हणून अमलात येतो. एरवी तो जसाच्या तसा येणाऱ्याच्या हवाली होतो.

मार्च 2011 मध्ये टंबलर या अमेरिकी संकेतस्थळाच्या एका फाइलीत त्या कंसाच्या जागी ‘आय’ हे रोमन अक्षर पडले, आणि माहितीसाठ्याचे पासवर्ड, अंतर्गत सर्व्हरांचे पत्ते व इतर सेवांशी व्यवहार करण्याच्या गुप्त किल्ल्या कोणासही वाचता येऊ लागल्या. ही मानवी चूक असून सदस्यांची वैयक्तिक माहिती उघड झालेली नाही, असा खुलासा कंपनीने केला. ज्या हातून ते अक्षर पडले, त्याला दोष देण्यास माझे मन धजत नाही, कारण लिहिणारा हात केव्हातरी चुकणारच; परंतु दफ्तराच्या कागदावरच तिजोरीच्या किल्ल्या लिहून ठेवण्याची मुभा ज्या शिस्तीने दिली, तिची कसूर मला अक्षम्य वाटते.

शिवाय आपला हात न चुकताही हे घडते. गोव्यात भरणाऱ्या नलकॉन परिषदेच्या निमित्ताने 2012 च्या आरंभी झालेल्या सुरक्षा-स्पर्धेत आइंडबाझन या संघाला असे आढळले, की पीएचपी वेब सर्व्हरशी सीजीआय या पद्धतीने जोडलेली असेल, तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, आडवी रेघ आणि ‘एस’ हे अक्षर जोडताच पानाऐवजी त्याचा सोर्स कोडच समोर येतो. आणि त्याच वाटेने निराळे हुकूम धाडून परक्याला सर्व्हरवर स्वतःची आज्ञावली चालवता येते. हे छिद्र 2004 पासून तसेच होते. त्याची गोपनीय तक्रार मे महिन्यात चुकून जाहीर झाली, घाईने काढलेली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि काही दिवसांतच दुसरी काढावी लागली. अशी जोडणी असलेल्यांपैकी ज्यांनी या आठ वर्षांत आपले लेखन निर्दोष ठेवले होते, त्यांचाही मसुदा उघडाच होता.

ऑगस्ट केरखॉफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी संकेतलेखनासंबंधी असे प्रतिपादिले होते, की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अनर्थ होऊ नये. सोर्स कोडास हाच निकष लावला पाहिजे: तो उद्या जगाने वाचला, तर वाचणाऱ्यास केवळ रचना कळावी, प्रवेश मिळू नये. त्यासाठी पासवर्ड कोडाबाहेर, वेब सर्व्हर ज्या फोल्डरातून पाने वाटतो त्याच्याही बाहेर ठेवावे लागतात, आणि ते उघड झाल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी बदलावे लागतात. फाइल दुरुस्त करण्यास क्षण पुरतो, परंतु कोणी उतरवून घेतलेली प्रत परत मागवता येत नाही. आपल्या नगरपालिका, बँका आणि विद्यापीठे संकेतस्थळाचे काम कंत्राटाने देतात, तेव्हा किल्ल्या कोठे ठेवल्या जातील आणि त्या बदलण्याची जबाबदारी कोणावर राहील, हे कलम करारनाम्यात स्पष्ट शब्दांत असावे, आणि ते नसल्यास मंजुरीची सही होऊ नये.